वजनदार बायका

मराठीत वजन हा शब्द भारी सोयीचा आहे. पुरुषाला वजन असतं आणि बाईचं वजन वाढतं. एखाद्या गृहस्थाचं कलेक्टर कचेरीत वजन असतं, शाळेच्या कमिटीत वजन असतं, व्याह्यांच्या घरी तर फारच वजन असतं. कागद पुढे सरकत नसेल तर त्यावर थोडं वजन ठेवावं लागतं. तेही बहुधा पुरुषच ठेवतात आणि पुरुषच उचलतात. बाईच्या वाट्याला वजन येतं ते एक तर काट्यावर, नाहीतर कडेवर. आणि एखादीनं आपण होऊन, कुणी न सांगता, हातात अर्ध्या-अर्ध्या किलोचं वजन घेऊन ते वरखाली करायला सुरुवात केली, की मात्र सबंध सोसायटीचा तोल जातो.

आमच्या सोसायटीचा तोल गेले आठ महिने गेलेला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा ते सव्वासात, आम्ही चौदा बायका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. वयं पंचेचाळीस ते बाहत्तर. दोघींचे गुडघे, तिघींची पाठ, एकीचा खांदा आणि सगळ्यांच्या सासरचा इतिहास एवढं सामान बाहेर चपलांजवळ ठेवायचं आणि आत शिरायचं. ज्यांच्याकडे डंबेल्स आहेत त्या डंबेल्स आणतात, बाकीच्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, हे शाळेतलं शास्त्र चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच उपयोगी पडलं. गाणी लावायची, पाय जागच्या जागी चालते ठेवायचे आणि हात कधी खांद्यापर्यंत, कधी डोक्याच्या वर, कधी पुढे, कधी बाजूला, असे पाऊण तास हलवायचे. धाप लागली पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे, अशी अट आहे. ती पाळणं आमच्यात कुणालाच जड गेलेलं नाही. शिकवणारी मुलगी पंचविशीतली. फिजिओथेरपी शिकलेली आहे आणि आम्हा चौदाजणींवर "काकू, कोपर!" असं ओरडायचा अधिकार तिनं मिळवलेला आहे.

हॉलच्या खिडकीसमोर एक बाक आहे आणि बाकावर एक मंडळ आहे. निवृत्त, सुशिक्षित, पेन्शनीत गृहस्थांचं. रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून पश्चिम आशियातल्या तेलापर्यंत सगळ्या विषयांवर या मंडळाची मतं तयार असतात. आमच्या बाटल्यांवरही आहेत. माझं भांडण त्या माणसांशी नाही, मतांशी आहे. त्यातल्या एका मताशी तर माझं लग्न झालेलं आहे.

मत पहिलं : "घरकाम हाच बायकांचा खरा व्यायाम. आमच्या आईनं कधी डंबेल पाहिलंसुद्धा नाही, नव्वदीपर्यंत ठणठणीत होती!"

बाकावरच्या प्रत्येकाची आई नव्वदीपर्यंत ठणठणीत होती. ज्यांच्या आया बावन्नाव्या वर्षी गेल्या, ते या विषयावर बोलत नाहीत. त्यामुळे बाकावरची सरासरी नव्वद येते. आता माझ्या आजीचं सांगते. ती पहाटे चारला जात्यावर बसे, विहिरीवरून दोन-दोन कळशा आणी, उखळात कांडण करी. वजनाला तोटा नव्हता. मी तिला पाहिलं ते काटकोनातच. कमरेतून ती अशी वाकली होती, की घरी आलेल्या माणसाला आधी पायांवरून ओळखायची आणि मग मान वाकडी करून तोंडाची खात्री करून घ्यायची. जात्यावरच्या ओव्यांबद्दल गहिवरून बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या एकानंही पायलीभर दळलेलं नसतं.

काम आणि व्यायाम यांत फरक आहे, आणि तो बाईलाच काय, हमालालाही कळतो. व्यायामात दोन्ही हातांना सारखं वजन मिळतं. घरात बादली नेहमी उजव्याच हातात असते, कारण डाव्या हातात दुसरं काहीतरी असतं. व्यायामात आज अर्धा किलो, दोन महिन्यांनी एक किलो, असं वजन बेताबेतानं वाढतं. घरात ते वर्षभर एकसारखं असतं आणि दिवाळीच्या आधल्या आठवड्यात एकदम माळ्यावरच्या डब्यांइतकं होतं. व्यायामाच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस विसाव्याचा असतो, कारण स्नायू भरून निघतो तो विसाव्यातच. घरकामाला असा दिवस असल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. शिवाय हृदयाचं एक म्हणणं असतं : मला वेगानं चालवायचं असेल तर सलग चालवा. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं, ते याच गोष्टीवर. नाडी वाढवायची आणि काही मिनिटं तशीच वाढलेली ठेवायची, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं शरीराला प्राणवायू पुरवण्यात तरबेज होतात. माझी नाडी घरात वाढत नाही असं नाही. पण ती वाढते न वाढते तोच कुकरची शिट्टी होते, मग बेल वाजते, मग "माझा चष्मा कुठं आहे?" या प्रश्नासाठी तिला थांबावं लागतं. चष्मा कपाळावर असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं की प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. घरातली कामंही त्या हालचालीत धरतात. हे मी लपवत नाही; लपवलं तर बाकावरून कुणीतरी मोबाईलवर शोधून काढील. पण त्याच सूचनेत पुढे म्हटलंय, की आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर देणारा व्यायामही करावा. आणि पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम तीन दिवस करावा. तेवढं पुढचं वाक्य बाकापर्यंत पोचलेलं नाही.

पण घटकाभर मंडळाचं म्हणणं मान्य करू. समजा, घरकाम हा सर्वोत्तम व्यायाम आहे. भारत सरकारनं २०१९ साली वेळेचा हिशेब घेतला होता, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याचा. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली २९९ मिनिटं. पाच तासांना एक मिनिट कमी. तेवढं बाई बहुधा बसली असावी. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. जे करतच नाहीत ते या सरासरीत मोजलेलेही नाहीत. म्हणजे मंडळाच्याच शास्त्राप्रमाणे पुरुषवर्ग रोज तीन तास बावीस मिनिटांच्या व्यायामाला मुकतो आहे! हा केवढा अन्याय! साठी उलटलेल्या, साखर असलेल्या, डॉक्टरांनी 'हालचाल वाढवा' म्हणून बजावलेल्या माणसांना एवढ्या उत्तम व्यायामापासून आम्ही दूर ठेवावं, हे मला पटत नाही. म्हणून मी बाकापाशी जाऊन रीतसर प्रस्ताव मांडला. आखडलेल्या खांद्याला कणीक मळणं, पोटाला फरशी पुसणं, दंडांना चादरी पिळणं. वाटून घेऊ. मंडळानं एकमतानं पश्चिम आशियातल्या तेलाचा विषय काढला.

मत दुसरं : "हे सगळं अमेरिकन खूळ!"

हे म्हणणारे गृहस्थ स्वतः अमेरिकन बनावटीचे बूट घालून बाकावर बसतात, ते सोडून देऊ. खूळ अमेरिकेत होऊन गेलं हे खरंच आहे. १९८२ साली जेन फोंडा या नटीच्या कसरतीची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि घरोघरच्या बायका टीव्हीपुढे पाय उचलू लागल्या. त्याच साली पिट्सबर्गच्या लिओनार्ड श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी 'हेवीहँड्स' हे पुस्तक काढलं. हे गृहस्थ मानसोपचारतज्ज्ञ; म्हणजे माणसाच्या डोक्यावरचं ओझं पाहून पाहून हातातल्या ओझ्याकडे वळलेले. त्यांचं सांगणं सोपं होतं. धावताना बिचारे पायच राबतात आणि हात नुसते सोबत करतात. हातांत हलकं वजन घेऊन तेही पायांबरोबर चालवले, तर काम चौघांत वाटलं जातं आणि हृदयाला पुरेपूर व्यायाम होतो. बर्फावरून हातातल्या काठ्या रोवत लांबवर स्की करत जाणाऱ्या खेळाडूंचा दम सगळ्या खेळाडूंत वरचा असतो, तो याचमुळे.

आता माझा प्रश्न असा, की हातात वजन घेऊन ठेक्यात हलवायचं ही कल्पना आपल्याला अमेरिकेनं शिकवली का? आपल्या तालमीतली मुद्गलांची जोडी कुठं गेली? ती कुठं गेली ते मी सांगते. ती विलायतेला गेली. इथल्या पहिलवानांना मुद्गल फिरवताना इंग्रज फौजेनं पाहिलं आणि 'इंडियन क्लब' असं नाव देऊन उचललं. डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकानं १८३४ साली पुरुषांच्या कसरतीच्या पुस्तकात ते घातले आणि त्याच दशकात खास स्त्रियांसाठी पुस्तक लिहून त्यांच्या हातातही हलके मुद्गल दिले. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या सुमाराच्या मडमांना जे शोभलं ते आमच्या सोसायटीत शोभत नाही! पुढे १८६६ साली न्यूयॉर्कच्या सिम केहो यानं मुद्गलावर पुस्तक काढलं आणि १९०४ च्या सेंट लुईस नि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच होती. आमचंच पीठ परदेशात दळून आलं, तर दळण परकं कसं?

आणि लेझीम? तालमीतली जुनी लेझीम म्हणजे धनुष्याला दोरीच्या जागी लोखंडी साखळी. ती हातात धरून, हलगीच्या ठेक्यावर, वाकत-उठत अर्धा तास खेळून पाहावी, म्हणजे एरोबिक्स हा शब्द न उच्चारता समजतो. १९८२ सालीच दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम घुमली, तेव्हा हेच मंडळ टीव्हीसमोर छाती फुगवून बसलं होतं. साखळीच्या जागी पाण्याची बाटली आली एवढ्यावरून संस्कृती बुडत असेल, तर ती मुळातच फार खोल पाण्यात होती असं म्हणावं लागेल.

मत तिसरं : "पण या वयात?"

हे मत दबक्या आवाजात येतं आणि बऱ्याचदा बायकांकडूनच येतं. त्यामुळे याला उत्तर देताना मी थट्टा करत नाही. याच वयात. पाळी गेली की पुढची काही वर्षं बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. स्नायू तर चाळिशीपासूनच हळूहळू काढता पाय घेत असतात. मग एक दिवस न्हाणीघरात पाय सरकतो, मनगट किंवा खुबा मोडतो, आणि जी बाई पन्नास वर्षं घर चालवत होती ती सहा महिने दुसऱ्याच्या हाताकडे बघत पडून राहते. अशी एक बाई आपल्या ओळखीत नाही, असं सांगणारं घर मला दाखवा. हाडाला भार मिळाला तर ते टिकतं, स्नायूला भार मिळाला तर तो वाढतो, सत्तरीतसुद्धा. अर्ध्या किलोची बाटली काही चमत्कार करत नाही. ती बाराखडी आहे. म्हणून तर मुलगी वजन वाढवत नेते, भिंतीला रेटे द्यायला लावते, खुर्चीतून हात न टेकता उठवते. आमच्यातल्या बाहत्तर वर्षांच्या आजी पहिल्या दिवशी खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकत आणि देवाचं नाव घेत. आता हात टेकत नाहीत. देवाचं नाव अजून घेतात, पण ते सवयीनं.

आता दोन शब्द आमच्याच बाजूच्यांना. पोलिसानं आपल्या गल्लीतही शिट्टी वाजवली पाहिजे. बागेत संध्याकाळी गुलाबी डंबेल्स हातात लोंबकळत ठेवून, मैत्रिणीशी बोलत, रमतगमत चालणाऱ्या ज्या बायका (आणि पुरुष) दिसतात, त्यांनी डंबेल्सच्या जागी भाजीच्या पिशव्या घ्याव्यात. निदान घरी भाजी तरी येईल. हात हलले नाहीत तर त्या वजनाचा उपयोग मनगटाला कंटाळा आणण्यापलीकडे फारसा नाही. श्वार्ट्झ यांचा सगळा भर हात उंच नेण्यावर होता. दुसरं, वजन जिवाच्या आकांतानं आवळून धरू नये आणि श्वास कोंडू नये; मूठ घट्ट आवळली की रक्तदाब चढतो. ज्यांना दाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, जावेला विचारू नये. तिसरं, झोके घेऊ नयेत. वजन उचलून न्यायचं आणि सांभाळून आणायचं. भिरकावून दिलं की खांदा ओरडतो, मग "हे व्यायामाचं फॅड नको रे बाबा" म्हणून आपणच बाकाला मतं पुरवतो.

इतका वेळ मी वजनावर बोलले. खरं भांडण वजनावर नाही. गेल्या महिन्यात सोसायटीच्या कमिटीनं फळ्यावर नोटीस लावली. भाषा फार गोड होती. सकाळच्या वेळी हॉल ज्येष्ठ नागरिकांच्या वृत्तपत्रवाचनासाठी राखून ठेवण्याचा विचार आहे, तरी भगिनींनी आपल्या सोयीनुसार व्यायाम आपापल्या घरीच करावा. चौदातल्या आम्ही सहाजणी स्वतःच ज्येष्ठ नागरिक आहोत, हे कमिटीच्या ध्यानात राहिलं नाही. पण 'सोयीनुसार' आणि 'घरीच' या दोन शब्दांत सगळं आलं. घरी व्यायाम करणं म्हणजे काय, ते मी सांगते. मी हॉलमध्ये दोन्ही हात वर नेते तेव्हा मुलगी म्हणते, "छान, अजून आठ." घरात दोन्ही हात वर नेते तेव्हा आवाज येतो, "हात वर गेलाच आहे तर तो साखरेचा डबा काढ."

इंग्रजीत जोसेफ ॲडिसन नावाचा मोठा निबंधकार होऊन गेला. त्यानं १७११ साली आपल्या व्यायामाबद्दल लिहून ठेवलंय. देवळाची घंटा ओढायची कसरत, पण घंटा नाही आणि आवाजही नाही, असं एक यंत्र त्यानं खोलीच्या कोपऱ्यात बसवलं होतं. मुकी घंटा; इंग्रजीत डंब बेल. आपल्या डंबेल्सना नाव मिळालं ते तिथून. दोन्ही हातांत टोकांना शिसं भरलेल्या आखूड काठ्या घेऊन त्या फिरवायचा व्यायामही त्यानं सांगितलाय. म्हणजे आमचाच वर्ग, तीनशे वर्षांपूर्वीचा. मात्र मला त्याचा हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. तो लिहितो की हा रोज सकाळी तासभर चाललेला असताना घरमालकीण आणि तिच्या मुली खोलीत पाऊल टाकत नाहीत. त्याची वेळ त्यांना ठाऊक असते. वाचलं आणि दोन मिनिटं स्वस्थ बसले. एका माणसाचा तास दुसऱ्या कुणी मोडत नाही, एवढंच. त्याला इंग्लंड लागत नाही, यंत्र लागत नाही. पण त्या घरमालकिणीनं आणि तिच्या मुलींनी तसा तास कधी मागितला असेल का, आणि मागितला तर त्यांच्या खोलीत कोण आलं नसतं, हे ॲडिसनसाहेबांनी लिहिलेलं नाही.

आठवड्यातून तीनदा पाऊण तास. सव्वादोन तास झाले. आठवड्याचे तास १६८. तेवढ्यात आम्ही कुणाच्या आई नसतो, सून नसतो, "अगं ऐकलंस का" नसतो. नाडी वाढते आणि वाढलेली राहते, कारण मध्ये कुणी चष्मा विचारत नाही. म्हणून तो हॉल हवा. घरात जागा कमी पडते म्हणून नव्हे. घरात दार लागत नाही म्हणून.

येत्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे. नोटीशीचा विषय आम्ही पत्रिकेवर घ्यायला लावलाय. चौदाजणींच्या सह्यांचा अर्ज दिलाय आणि त्यावर कसलंही वजन ठेवलेलं नाही. सभेत सांगणार आहे, की सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉल आमचाच राहील. वर्तमानपत्र सव्वासातनंतरही तेवढंच खरं असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार मात्र हॉल मोकळा आहे. बाकमंडळानं जरूर यावं. मुलीला मी विचारून ठेवलंय, ती शिकवायला तयार आहे; "काका, कोपर!" म्हणायची तिची इच्छाही दिसली. डंबेल्स नसली तरी अडत नाही. फक्त बाटल्या ज्याच्या त्यानं आणाव्यात. आणि ज्याच्या त्यानं भराव्यात.